डॉक्टरांच्या खोलीतली शिट्टी

दार उघडताच सुनेनं आधी दोन्ही कान झाकले आणि मग ती किंचाळली.

खोलीत शिट्टी वाजत होती. बारीक, अखंड, दाढेच्या मुळाशी जाऊन बसणारी. समोर छातीएवढे उंच दोन जुने स्पीकर, आणि त्यांच्यामध्ये गालिच्यावर डॉक्टर पडलेले. डोकं डाव्या स्पीकरखालच्या दगडी बैठकीच्या कोपऱ्याशी. गालिचा तेवढ्या जागी काळा पडला होता.

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हाही शिट्टी चालूच होती. सुनेनं कशालाही हात लावला नव्हता, एवढं शहाणपण तिला त्या अवस्थेतही सुचलं होतं.

"मॅडम, आधी ते बंद करू का?" हवालदारानं विचारलं. त्याचा चेहरा आंबट झाला होता.

"आधी बघून घेऊ. मग बंद."

बाईंना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण खोली बघायची कशी, हे त्यांना कळत होतं. भिंतींना जाड गाद्यांचं अस्तर, दार लावलं की आवाज आतच राहावा म्हणून. एक दार घरात, दुसरं मागच्या गल्लीत. गल्लीचं दार ओढलं की आपोआप बंद होणारं. लांब टेबलावर डॉक्टरांचा जीव की प्राण असलेली जुनी यंत्रं ओळीनं मांडलेली. त्यातल्या ॲम्प्लिफायरचे काचेचे व्हॉल्व्ह नारिंगी पेटलेले, वरची हवा तापलेली. म्हणजे तो रात्रभर चालू होता. शेजारी रेकॉर्ड प्लेअर. त्यावर तबकडी होती, पण चक्र थांबवलेलं. सुईची दांडी जागच्या जागी ठेवून अडकवलेली, आणि सुईवर चिमुकलं प्लॅस्टिकचं टोपण. त्याच्या पलीकडे टेलिफोन.

टेबलाच्या टोकाला एक करडा डबा होता. त्याला एक मोठी चकती, आणि चकतीचा काटा उजवीकडे बराच पुढे गेलेला. शिट्टी त्या डब्यातून निघून ॲम्प्लिफायरमार्गे स्पीकरमधून येत होती.

फोटो झाले, ठसेवाल्यानं पावडर मारली, तेव्हा कुठे बाईंनी डबा बंद केला. खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला.

"या शिट्टीबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही," बाई म्हणाल्या. "घरातल्यांनीही नाही."

पोलिसांच्या डॉक्टरांनी वाकून, बघून, उठताना सांगितलं ते बाईंना आवडलं नाही. कुणीतरी छातीवर जोरात ढकललेलं दिसत होतं. आणि पडल्याबरोबर जीव गेला नव्हता. बराच वेळ ते तिथे तसेच जिवंत होते. वेळेवर कुणी फोन केला असता तर वाचण्यासारखे होते.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, निवृत्त. मूलबाळ नव्हतं. पोरक्या पुतण्याला त्यांनीच लहानाचा मोठा केला, त्यामुळे पुतण्याची बायको या घरात सूनच होती. तिचे दिवस भरत आले होते. आणि सगळ्यांचं बोट आत्ता त्या पुतण्याकडेच जात होतं.

"काल संध्याकाळी भांडण झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं," पुतण्या म्हणाला.

"कशावरून?"

"या खोलीवरून. बाळ येणार. घरात दोनच खोल्या, आणि तिसरी या खोक्यांनी अडवलेली. मी म्हटलं, खोकी तुमच्या झोपायच्या खोलीत हलवा. काका म्हणाले, इथला आवाज तिथे मिळणार नाही."

"शेजारीण म्हणते, तुम्ही ओरडलात, 'एक दिवस या खोक्यांना आग लावीन.'"

"म्हणालो." तो खाली बघत राहिला. "रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो, मॅडम."

"मग?"

"दार आपटून बाहेर पडलो. नुसता चालत होतो. परत आलो तेव्हा घर शांत होतं. ही झोपली होती. मी बाहेरच्या बाकावर आडवा झालो."

"चालताना कुणी बघितलं?"

"नाही."

"तुम्ही गेलात तेव्हा काका काय करत होते?"

"तबकडी लावत होते. माझ्याकडे पाठ करून."

एवढं बोलून तो रडायला लागला. बाईंनी त्याला रडू दिलं. खोटं रडणारे त्यांनी पोत्यानं पाहिले होते, खरं रडणारेही. दोन्हींचे डोळे सारखेच लाल होतात, हे त्यांना ठाऊक होतं.

साहेबांचा फोन आलाच. साहेब कचेरीत बसून उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत होते.

"भांडण आहे, धमकी आहे, खोलीचा लोभ आहे. अजून काय हवंय? उद्या संध्याकाळपर्यंत पुतण्याला आत घ्या आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, एक दिवस पूर्ण द्या."

"दिलाच की. उद्या संध्याकाळ म्हटलं ना."

बाई पुन्हा त्या खोलीत जाऊन बसल्या. सून दारात उभी राहिली. आत यायचं तिच्यानं होईना.

"हा करडा डबा कसला?"

"सुराचा डबा म्हणायचे काका. चकती फिरवली की खालपासून वरपर्यंत वेगवेगळे आवाज काढतो. कान तपासायला आणला होता." तिनं आवाज खाली आणला. "काकांचा उजवा कान गेला होता. जन्मभर त्या बाजूला दाढा कोरायचं यंत्र किंचाळत राहिलं. मित्रांना सांगायची लाज वाटायची त्यांना. म्हणून आम्ही दोघंच बसायचो. मी चकती फिरवायची, ऐकू आलं की त्यांनी बोट वर करायचं."

"आणि डावा कान?"

"डावा तिखट होता. स्वयंपाकघरातलं माझं पुटपुटणंसुद्धा ऐकायचे."

बाईंनी कानाच्या डॉक्टरांना फोन लावून खात्री करून घेतली. सून म्हणत होती ते खरं होतं. उजवा कान निकामी, डावा उत्तम.

"सुईवरचं हे टोपण ते रोज घालायचे?"

सुनेच्या ओठांवर त्या दिवसातलं पहिलं हसू येऊन गेलं. "छे! नवी सुई कालच दुपारी आली. स्वतः बसवली, टोपण काढलं आणि त्या बशीत टाकलं. म्हणाले, 'जन्मभर लोकांच्या तोंडात सुया घातल्या, एकदा हात हलला नाही. मला कशाला टोपण?' कधीच घालत नसत."

"ह्यांनी घातलं असेल? तुमच्या नवऱ्यानं?"

"त्याला सुई कुठे असते तेही माहीत नाही," सून म्हणाली. मग घाबरून तिनं विचारलं, "मॅडम, त्याला नेणार का तुम्ही?"

खोटा दिलासा द्यायचा नाही, हा बाईंचा नियम होता, आणि खरा अजून हाताशी नव्हता. त्यांनी ठसेवाल्याला फोन करून ते टोपण सगळ्यात आधी बघायला सांगितलं. मग हवालदाराला घेऊन त्या बाहेर पडल्या.

डॉक्टरांकडे आठवड्याला एकदा मंडळी ऐकायला जमायची. फार नाहीत, तिघंच. एक रेकॉर्डवाली, एक घड्याळजी आणि एक ज्याला सगळं गाव कानसेन म्हणायचं तो. या आठवड्याची बैठक व्हायची होती. म्हणजे मंडळींपैकी कुणीच आठवडाभरात त्या घरी गेलेलं नसायला हवं होतं, आणि तिघांनीही तसंच सांगितलं.

रेकॉर्डवालीचं दुकान म्हणजे जुन्या तबकड्यांचं कोठार. ती एका हातानं चहा पीत होती आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाईकासाठी तबकडी लावत होती. सुई तिनं अशी टेकवली की स्पीकर कळवळला.

"दिवसभर हेच करायचं, मॅडम. इथे कोण नजाकत करत बसतंय?" ती म्हणाली. डोळे सुजलेले होते. "डॉक्टर गेले हे पटत नाही हो."

"शेवटचे कधी भेटले?"

"परवा. दुकानात आले होते. खुशीत होते. म्हणाले, 'एक डबा आणलाय. या खेपेला सगळ्यांचे कान तपासणार. सुरुवात माझ्यापासून.' मी म्हटलं, आमच्या कानसेनचे कान तपासायचे म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं! ते नुसते हसले."

"कानसेन कोण एवढे?"

"अहो, त्यांच्या शब्दावर इथला सगळा बाजार चालतो. जुना ॲम्प्लिफायर घ्यायचा, स्पीकर घ्यायचा, लोक आधी त्यांना आणून ऐकवतात. त्यांनी मान हलवली की माल गेला. नाही हलवली की तो माल जन्मभर धूळ खातो."

"तुमच्या बैठकीत यंत्रांना हात कुणी लावायचा?"

"नियम आहे ना. तबकडी संपली तर जवळ बसलेल्यानं सुई उचलायला हरकत नाही. पण ॲम्प्लिफायरच्या बटणांना घरधन्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही. दुसऱ्याच्या चुलीत लाकूड सारल्यासारखं आहे ते."

घड्याळजीचं दुकान कोपऱ्यावर होतं. म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्याला भिंग आणि दोन्ही कानांत यंत्रं. हवालदारानं बाईंना कोपरानं खुणावलं. त्याच्या डोक्यात शिट्टी पक्की बसली होती.

"काय म्हणालात?" घड्याळजीनं हात कानामागे नेला. "जरा मोठ्यानं बोला, बाई. मी बहिरा आहे."

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"इथेच. मग घरी. घरी मी एकटाच, तेव्हा साक्षीला मांजर आहे." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "डॉक्टरांनीच मला ही यंत्रं घ्यायला लावली. मी म्हणायचो, आता कशाला ऐकायला येऊ? ते म्हणायचे, जेवढं ऐकू येतं तेवढं ऐक. हे असं कोण म्हणतं हो?"

"तुमच्या घरी रेकॉर्ड प्लेअर आहे?"

"होता. विकला. माझे हात आता थरथरतात. घड्याळाचे स्क्रू कसेबसे जमतात, सुई नको. तिथे गेलं की मी आपला बसून राहतो."

बाहेर पडल्यावर हवालदार म्हणाला, "मॅडम, बहिरा माणूस, एकटा राहतो, साक्षीला मांजर. सरळ आहे."

"साप साप म्हणून भुई धोपटू नका," बाई म्हणाल्या. "तो बहिरा आहे हे त्यानं आपल्याला पहिल्याच वाक्यात सांगितलं."

कानसेनचं घर नीटनेटकं होतं. माणूसही तसाच. उंच, पांढरे केस मागे वळवलेले, आवाज खर्जातला. ऐकायच्या खोलीत त्यानं त्यांना बसवलं. खोलीत पाऊल टाकताच हवालदारानं मान झटकली आणि करंगळी कानात घातली. बाईंनाही कुठल्यातरी डब्यातून बारीक किर्र आवाज येत असल्यासारखं वाटलं.

"डॉक्टर माझा जुना मित्र," कानसेन म्हणाला. "त्याच्या पुतण्यानं असं करावं!"

"पुतण्यानं केलं असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"तुम्ही त्या घरी शेवटचे कधी गेलात?"

"गेल्या बैठकीला. त्यानंतर नाही."

"काल संध्याकाळी?"

"इथेच होतो. ऐकत होतो. माझं दुसरं आहे काय?" तो उठला. "तुम्ही कधी चांगली यंत्रणा ऐकली आहे? थांबा."

त्यानं तबकडी लावली आणि डोळे मिटून बसला. बाईंनी त्याच्याकडे बघून घेतलं. गाणं चालू असेपर्यंत त्यानं डोळे उघडले नाहीत. ते संपायच्या बेतात आलं तसा तो उठला, आणि पुतण्याच्या तापट स्वभावाबद्दल बोलता बोलता, टेबलाकडे न बघताच त्यानं दांडी उचलली, अडकवली, टोपण चढवलं, चक्र थांबवलं. सगळं एका ओघात, एखादी गृहिणी बोलता बोलता पोळी उलटते तसं.

"ऐका आता," तो म्हणाला. "गाणं संपल्यावरची ही शांतता. चांगल्या यंत्रणेची हीच खूण. टाचणी पडली तर ऐकू येईल."

"खरंच," बाई म्हणाल्या.

रस्त्यावर आल्यावर हवालदारानं कान चोळले. "कसली शांतता, मॅडम! ती किरकिर ऐकून माझं डोकं उठलं."

बाई चालता चालता थांबल्या. मागून येणारा सायकलवाला त्यांना शिव्या देत बाजूनं गेला, तरी त्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठसेवाल्याचा फोन आला. टोपणावर अर्धा अंगठा होता. डॉक्टरांचा नाही, घरातल्यांचा नाही. साहेबांनी ते ऐकून जांभई दिली. "सुई विकणाऱ्या दुकानदाराचा असेल. अर्ध्या अंगठ्यावर मी खटला उभा करू?"

"संध्याकाळ व्हायची आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

सगळ्यांना त्यांनी डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. पुतण्या भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या दोन्ही बाजूंना शिपाई. सून खुर्चीवर. तिनं नवऱ्याचा हात धरून ठेवला होता आणि शिपायांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं होतं. रेकॉर्डवाली, घड्याळजी दाराशी. कानसेनला बाईंनी मधल्या खुर्चीवर बसवलं, स्पीकरांच्या बरोबर समोर.

"हा ॲम्प्लिफायर त्या रात्रभर चालू राहिला," बाई त्याला म्हणाल्या. "बिघडलाय की शाबूत आहे, हे मला कळायला हवं. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

कानसेनचा चेहरा उजळला. "व्हॉल्व्ह तापू द्या," तो म्हणाला. आणि मग, "हं, आता नुसताच आवाज वाढवा. तबकडी नको. आधी कोरं ऐकू."

त्यानं डोळे मिटले.

बाईंनी गल्लीच्या दारावरच्या पडद्याकडे बघून मान हलवली. पडद्यामागे हवालदार करडा डबा घेऊन उभा होता. चकतीचा काटा त्या सकाळी होता तिथेच.

शिट्टी सुरू झाली.

सुनेनं कानांवर हात दाबले. पुतण्यानं मान खांद्यात खुपसली. रेकॉर्डवालीच्या तोंडून शिवी जाता जाता राहिली. घड्याळजीनं धडपडत कानांतली दोन्ही यंत्रं उपटून हातात घेतली. शिपायांनीसुद्धा कान झाकले. बाई मात्र हात खाली ठेवून उभ्या राहिल्या, दात एकमेकांवर घट्ट दाबून.

खुर्चीत कानसेन शांत होता. चेहऱ्यावर जाणकाराचं मंद समाधान.

"शाबूत आहे," तो म्हणाला. "घरघर नाही, खरखर नाही. अगदी निखळ शांतता. आता सुई टेका."

सुई टेकली नाही. त्यानं डोळे उघडले, मागे वळून बघितलं, आणि कान झाकून उभी असलेली ती सगळी माणसं त्याला दिसली.

बाईंनी हात वर केला. शिट्टी थांबली.

"काय चाललंय हे?" कानसेननं विचारलं. आवाज तोच, पण त्यातला खर्ज गेला होता.

"सांगते," बाई म्हणाल्या. "डॉक्टर सापडले तेव्हा हीच शिट्टी वाजत होती. रात्रभर. मला पहिल्यापासून एकच गोष्ट खटकत होती. इथे कुणीतरी मागे थांबलं होतं. नुसतं ढकलून पळालं नव्हतं. त्यानं सुई उचलली, दांडी अडकवली, बशीतलं टोपण शोधून सुईवर चढवलं, चक्र थांबवलं. एवढं निवांत करणाऱ्या माणसानं ही शिट्टी मात्र चालू ठेवली. का?"

"डॉक्टरांनीच ठेवली असेल. त्याचा कान—" कानसेन बोलता बोलता थांबला.

"बोला ना. त्यांचा कान गेलेला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं? घराबाहेर ते कुणालाच माहीत नव्हतं."

रेकॉर्डवाली आणि घड्याळजी एकमेकांकडे बघायला लागले. घड्याळजीनं यंत्रं पुन्हा कानांत घातली.

"डॉक्टरांचा एकच कान गेलेला होता. दुसरा तिखट होता. शिट्टी त्यांना ऐकू येत होती. आणि टोपण ते घालत नसत. म्हणजे थांबलेला माणूस दुसराच. पुतण्या? त्याला शिट्टी सहन होत नाही, तुम्ही आत्ता बघितलंत. तो पळाला असता तर शिट्टी राहिली असती, पण टोपण बशीतच राहिलं असतं. तो थांबला असता तर त्यानं आधी शिट्टी बंद केली असती, आणि सुईकडे ढुंकून बघितलं नसतं. दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत."

पुतण्याच्या बाजूचा शिपाई नकळत अर्धं पाऊल लांब सरकला.

"रेकॉर्डवालीला ऐकू येतं, आणि सुईचे लाड तिला ठाऊक नाहीत. घड्याळजींना ऐकू येत नाही, पण यंत्रं घातली की हा आवाज त्यांनाही झोंबतो, आणि त्यांचे हात थरथरतात. ते टोपण नखाएवढं आहे. राहिलं कोण? ज्याचा हात बोलता बोलता आपोआप टोपण चढवतो. ज्याच्या घरातला एक डबा किरकिरतो आणि तो मला म्हणतो, शांतता ऐका. आणि ज्याला नियम इतका अंगवळणी पडलाय की माणूस खाली पडलेला असतानाही त्यानं दुसऱ्याच्या ॲम्प्लिफायरला हात लावला नाही. लावला असता तर शिट्टी आपोआप गेली असती."

"हे सगळे तर्क आहेत," कानसेन म्हणाला.

"टोपणावरचा अर्धा अंगठा तर्क नाही. ती सुई त्याच दुपारी या घरात आली. तुम्ही म्हणता, गेल्या बैठकीनंतर इथे पाऊल टाकलं नाही. द्या अंगठा."

कानसेननं हात मांडीवर ठेवला होता. तो त्यानं उचलला नाही. त्यानं नजर समोरच्या स्पीकरकडे वळवली.

"त्यानंच बोलावलं," तो शेवटी म्हणाला. "मी गल्लीच्या दारानं आलो. त्याचं घरी भांडण झालं होतं, उदास होता. तबकडी चालू होती. मध्येच म्हणाला, 'मी तुला एक सांगतो. माझा उजवा कान गेलाय, मी तुम्हाला फसवतोय.' मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मग तो म्हणाला, 'आणि तुझंही मला कळलंय, रे.'"

"मग त्यांनी डबा लावला."

"तबकडीचा आवाज तोडून डबा जोडला. विचारलं, काय ऐकू येतंय? मी म्हटलं, काही नाही, डबा बंद आहे. तो म्हणाला, चालू आहे. मी म्हटलं, खोटं बोलतोस. तो हसला. म्हणाला, 'चल, उद्या दोघं मिळून कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. घड्याळजी बघ कसा मजेत आहे.' मजेत! सगळा बाजार माझ्या कानांवर चालतो, आणि मी कानांत यंत्रं घालून फिरू? मी ढकललं. एवढंच. मारायचं नव्हतं मला."

"डबा खरंच चालू होता, हे तुम्हाला तेव्हाही पटलं नाही?"

"नाही." त्यानं मान हलवली. "आत्तापर्यंत नाही पटलं. मला वाटलं, तो मला हरवायला बंद डबा दाखवतोय."

"पटलं असतं तर तुम्ही तो बंद करून गेला असता," बाई म्हणाल्या. "आणि मी या पोराला तुरुंगात टाकलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती, आणि मी रात्री शांत झोपले असते."

त्यांना एकदम राग आला. इतका वेळ त्यांनी तो आवरून धरला होता.

"सुई का उचललीत?"

"तबकडी संपली होती. शेवटच्या रेघेत सुई नुसती फिरत होती, घासत होती. नवी सुई, वाया गेली असती." हे बोलताना त्यालाही आपण काय बोलतोय ते कळलं असावं. त्यानं मान खाली घातली.

"टेलिफोन सुईच्या पलीकडेच होता," बाई म्हणाल्या. "तुमचा हात तिथपर्यंत गेला होता. ते तेव्हा जिवंत होते. बराच वेळ होते."

हवालदारानं पुढे होऊन कानसेनच्या दंडाला धरलं. शिपायांनी पुतण्याला सोडलं. त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून तो बायकोच्या खुर्चीशी खालीच बसला आणि तिच्या गुडघ्यावर त्यानं डोकं टेकलं. काकांशी शेवटचं बोलणं ते भांडणच झालं, हे त्याचं दुःख कुणीही निकालात काढू शकणार नव्हतं.

कानसेनला दारापर्यंत नेलं, तेव्हा सून उठून उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "पडल्यावर काका काही बोलले का?"

कानसेन वळला. त्याची नजर तिच्या ओठांवर होती. किती वर्षं तो असाच समोरच्याचे ओठ वाचत आला असेल, कुणास ठाऊक. त्यानं प्रश्न कळल्याची खूण केली.

"बोलला," तो म्हणाला. "माझ्याकडे बघत होता. ओठ हलत होते. दोन-तीनदा बोलला."

"काय म्हणाले?"

तो बोलायला गेला आणि थांबला. मग सगळ्यांसमोर, जन्मात पहिल्यांदा, त्यानं ते उच्चारलं.

"मला ऐकू आलं नाही."